मागच्या सीटवरची नागूबाई

नागूबाईच्या घरातल्या चिमट्यावर ४१७ असा आकडा आहे. सांडशीवर आहे, ट्रंकेच्या खिट्टीवर आहे, आधी लेक आणि मग नात ज्या पाळण्यात झोपली त्याच्या कडीवरसुद्धा आहे. घरी नवीन माणूस आला की विचारतोच. नागूबाई पदर सावरून सांगते, "आमच्या मालकांचा तिकीट नंबर हाय त्यो."

मालक म्हणजे यशवंत. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होता. तिथे कामगाराला नावाआधी नंबर, त्यालाच तिकीट नंबर म्हणायचे. यशवंतला सुट्टीच्या दिवशी नुसतं बसवत नसे. बाजारातून पट्ट्या, सळया विकत आणायचा आणि क्वार्टरच्या मागच्या अंगणात काही ना काही ठोकत बसायचा. सरकारी लोखंडाचा खिळाही त्याने कधी घरी आणला नाही. वस्तू पुरी झाली की आकड्यांचे पंच काढायचा आणि आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, तीन ठोके द्यायचा. चार, एक, सात. नागूबाई हसायची. "चिमट्यावर कशाला नंबर? चोर नेणार हाय व्हय?" तो म्हणायचा, "ज्यानं केली त्याचं नाव वस्तूवर पायजे. मोडली तर शिव्या कुणाला द्यायच्या ते कळाया नको?"

त्याला जाऊन आता चौदा वर्षं झाली. वस्तू एकही मोडलेली नाही.

नागूबाई आता सोलापुरात लेकाकडे असते. लेक यशपाल जिल्हा परिषदेत कारकून. सून दवाखान्यात नोकरीला, म्हणून नात मनाली बहुतेक आजीपाशीच. सगळं ठीक चाललेलं. तर एका शुक्रवारी यशपाल जेवता जेवता थांबला आणि त्याने मोबाईल आईपुढे धरला.

"आई, नंबर बघ."

मोबाईलवर एक काळी मोटारसायकल होती. बुटकी, चपटी, मागून तोडल्यासारखी. नागूबाईला काही ओळख पटेना. मग तिने नंबरप्लेट वाचली. एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. हातातला घास तिने ताटात ठेवला.

यशवंतच्या येझदीचा नंबर होता.

"विकायला काढलीय," यशपाल म्हणाला. "शुक्रवार पेठेतला एक पोरगा आहे. जुनी येझदी घेऊन मॉडिफाय केलीय म्हणे. आई, बाबांची गाडी."

नागूबाईने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "मागची सीट कुटं गेली रं?"

*

रविवारी सकाळी दोघं निघाली. यशपालच्या स्कूटरवर मागे, दोन्ही पाय डावीकडे सोडून, एक हात लेकाच्या खांद्यावर. बसायची हीच रीत तिच्या अंगात मुरलेली. शुक्रवार पेठेतल्या त्या गल्लीच्या तोंडाशी यशपालने बोलावलेला गुरप्पा मिस्त्री उभा होता. सोलापुरात येझदीचं इंजिन उघडावं तर गुरप्पाने, असा त्याचा एके काळी लौकिक होता. मोठं काम निघालं की यशवंत कुर्डुवाडीहून गाडी त्याच्याकडेच आणायचा. आता गॅरेज मुलगा बघतो. गुरप्पाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण कान आणि बोटं शाबूत.

"शरणु वैनी," त्याने हात जोडले. "आलासा? चला बघू, पोरानं काय करून ठेवलंय आमच्या येझदीचं."

विकणारा अद्वैत तिशीच्या आतला, हसतमुख पोरगा. त्याला पुण्यात नोकरी लागली होती आणि तिथल्या खोलीवर गाडी लावायला जागा नव्हती. घराच्या पुढच्या पडवीत गाडी उभी होती. त्याने वरचं कापड अलगद काढलं, नवऱ्या मुलीच्या तोंडावरचा पदर बाजूला करावा तसं.

"बॉबर केलीय काका. आठ महिने लागले."

नागूबाईने गुरप्पाकडे पाहिलं. "बॉबर म्हंजे?"

"म्हंजे शेपूट तोडलेली," गुरप्पा म्हणाला.

अद्वैत हसला. "काकू, ही सोलो रायडिंगची गाडी असते. एकट्यानं लांब जायचं, निवांत."

"लगीन न्हाय झालं वाटतं तुजं," नागूबाई म्हणाली, आणि पोरगा कानापर्यंत लाल झाला.

गुरप्पाने बाकी काही न बघता आधी इंजिनावर तळवा ठेवला आणि लगेच उचलला. "गरम हाय की. सकाळीच फिरवून आणलास व्हय?"

"थोडीशी... म्हटलं लगेच चालू व्हावी."

"तेच नको असतंय बाबा. गरम इंजिन कुणाचंबी उटतंय. थंड असताना कसं उटतंय त्यावर किंमत." गुरप्पा पायरीवर बसला. "चहा टाक. थंड हुस्तोवर आमी बसतो."

अद्वैत आत गेला. यशपाल गाडीभोवती फिरत होता, टाकीवरून हात फिरवत होता. लहानपणी तो त्या टाकीवर बसायचा, बापाच्या दोन हातांच्या मध्ये. ही टाकी मात्र वेगळीच होती, थेंबासारखी निमुळती. त्याच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्याने हात काढून घेतला.

नागूबाई पायरीवर बसून जिथे काहीच नव्हतं त्या जागेकडे बघत होती. मागच्या चाकावर उघडी हवा होती. तिथे तिची सीट होती. सीटखाली साडीची जाळी, म्हणजे पदर चाकात जाऊ नये म्हणून लावतात ती, आणि त्याखाली पाय ठेवायची फळी. जाळी आणि फळी दोन्ही यशवंतने घरी केलेल्या. कंपनीची फळी तिला उंच पडायची, गुडघे दुखायचे. त्याने तिला ओट्यावर बसवून पायाचं माप घेतलं होतं, चांभारानं चपलेचं घ्यावं तसं.

दर महिन्यातल्या एका रविवारी ती माहेरी जायची. माहेर उजनीच्या पाण्याकाठचं. कुर्डुवाडीची वस्ती संपेपर्यंत ती एक हात जाळीच्या कडीला धरून, दुसरा मांडीवर ठेवून ताठ बसायची. रेल्वेचं फाटक मागे पडलं, की मांडीवरचा हात यशवंतच्या खांद्यावर जायचा. तो कधी काही बोलला नाही. फक्त फाटक ओलांडलं की गाडी थोडी हळू करायचा. इतक्या वर्षांत दोघांनी याविषयी एक शब्द काढला नाही, पण दोघांनाही ठाऊक होतं.

एकदा केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर गाडी बंद पडली आणि किक मारता मारता दांडाच मोडून हातात आला. येझदीचा तो दांडा मोठा करामती. वर फिरवला की किक, खाली पाडला की गिअर. तोच मोडल्यावर सगळं संपलं. माहेर दिसत होतं, पाण्याच्या कडेला झाडं दिसत होती, आणि हा उन्हात गाडी ढकलतोय. मागून नागूबाई पोराला कडेवर घेऊन चाललीय. "मोठी येझदीवाली आली बघा," असं भावजयीने दारातच म्हटलं होतं. पुढच्याच सुट्टीला यशवंतने पोलादी सळई आणली, तापवून वाकवली आणि नवा दांडा केला. टोकाला थोडं वर वळण दिलं, पाय बाहेर घसरू नये म्हणून. "आता ह्यो माज्यानंतर बी मोडत न्हाय," म्हणाला.

ते खरंच म्हणाला होता. माणसं असं बोलून जातात.

मग त्याचं आजारपण आलं. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्यावर त्याने गाडी तिच्याच माहेरच्या बाजूच्या एका बागायतदाराला देऊन टाकली. नागूबाईने ताटावरून उठून भांडण केलं होतं. तो भिंतीला टेकून म्हणाला, "अगं, जरा उटू दे मला. परत आणू की तिला. शब्द देतो."

यशवंत शब्दाचा पक्का माणूस. वर्कशॉपात सगळे सांगायचे. तेवढा एक शब्द राहिला. नागूबाई रोज संध्याकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावते, वंदना म्हणते. काही मागायचं नसतं, हे तिला माहीत आहे. ती मागतही नाही. पण मेणबत्ती लावताना रस्त्यावरून एखादी जुनी गाडी डुगडुगत गेली, की काडी हातात जळत राहते आणि बोटाला चटका बसल्यावर तिला भान येतं.

*

चहा झाला. गुरप्पाने पुन्हा तळवा ठेवला. "हं. आता बघू."

त्याने आधी किक मारलीच नाही. पेट्रोलमध्ये भिजवलेलं फडकं घेतलं आणि हँडलच्या मानेपाशी वाकून रंग पुसू लागला. "यशपाल, बुक काढ. चौकटीचा, चेसीचा नंबर वाच."

यशपाल आरसी बुकातून एकेक आकडा वाचू लागला. गुरप्पा डोळ्यांनी नव्हे, नखाने मानेवरचे आकडे चाचपत होता. निम्म्यात थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं.

"आकडे हाईत तेच," तो म्हणाला. "पण बघ की, हात लाव. एक वर, एक खाली. कंपनीचा पंच एका रांगंत बसतो. ह्ये घासून हातानं ठोकल्यालं हाय."

मग तो इंजिनाकडे वळला. तिथला नंबर तर बुकाशी जुळतच नव्हता. मागच्या बाजूला, जिथे सीटची चौकट कापून टाकली होती, तिथल्या वेल्डिंगवरून त्याने बोट फिरवलं आणि जिभेने च्यक केलं.

"पोरा, खरं बोल. कुटनं आणलास?"

अद्वैतचं हसू मावळलं होतं. "काका, खोटं नाही सांगत. भंगारवाल्याकडून घेतली. सगळे सुटे भाग होते, दोन गाड्यांचे मिसळलेले. एका गाडीचे कागद होते, ते त्यानं दिले. नंबर मी ठोकलेला नाही, आईशप्पथ. मला तर हे आत्ता कळतंय."

तो खरंच बोलत असावा. त्याचा चेहरा उतरला होता.

गुरप्पा यशपालला बाजूला घेऊन बोलला, पण पडवी केवढीशी, नागूबाईला सगळं ऐकू येत होतं. "कागद तुज्या बापाचा हाय, लोखंड दुसऱ्याचं. चौकट कुणाची हाय काय की. चोरीची निघाली तर तू कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार. तू सरकारी नोकर. नगं घेऊस."

यशपालने मान हलवली. पण तो गाडीपासून हलेना. मग तो आईजवळ येऊन पायरीवर बसला, लहानपणी बसायचा तसा, अगदी खेटून.

"आई, बाबा म्हणाले होते ना परत आणू म्हणून. मी दाराआडून ऐकलं होतं."

नागूबाईला हे ठाऊक नव्हतं. चौदा वर्षं तिला वाटत होतं की तो शब्द तिच्या एकटीजवळ आहे.

"तू नीट बघ," यशपाल म्हणाला. "यात त्यांचं काही असेल ना, एक स्क्रू जरी असला, तरी मी घेतो. कोर्ट-बिर्ट मग बघू. तू नुसतं हो म्हण."

"अरे येड्या..." गुरप्पा म्हणू लागला.

"काका, आईला बघू द्या."

नागूबाई उठली. गाडीच्या डावीकडे गेली. आयुष्यभर ती याच बाजूने चढली, याच बाजूने उतरली. फळी नव्हती. जाळी नव्हती. "ह्यावर जाळी व्हती का रं, साडीची?" तिने विचारलं. "होती काकू एक. भंगारात गेली," अद्वैत खाली बघत म्हणाला.

"मी चालू करून दावतो," गुरप्पा म्हणाला. बहुधा त्याला वाटलं, आवाज ऐकला की बाईचं मन भरेल आणि विषय संपेल. त्याने दांडा वर फिरवला आणि पाय ठेवला. एक किक. दुसरी. तिसऱ्या किकला गाडी उठली. कानठळ्या बसवणारा आवाज पडवीत घुमला. हा आवाज नव्हे. यशवंतची गाडी फाटकापाशी आली की नागूबाई तवा चुलीवर ठेवायची, आणि तो दारात येईपर्यंत भाकरी फुगलेली असायची. या आवाजाने भाकरी करपली असती.

मग गुरप्पाने गाडी मंद केली आणि दांडा खाली पाडला. नागूबाईचं लक्ष त्या दांड्याकडे गेलं.

काळ्या रंगाने रंगवलेला होता. पण टोकाला वर वळण होतं.

ती खाली बसली. उजवा हात दांड्याच्या मागच्या बाजूला, मुळापाशी नेला. तिथे ग्रीस होतं. अंगठ्याने तिने ते बाजूला सारलं. रंगाखाली लोखंडात काहीतरी खोलवर बसलेलं होतं. अंगठा हळूहळू वर सरकला. चार. एक. सात.

इंजिनाची थरथर दांड्यातून अंगठ्यात येत होती आणि तिथून खांद्यापर्यंत. नागूबाईने डोळे मिटले. फाटक मागे पडलं होतं. गाडी थोडी हळू झाली होती.

"आई?" यशपालने वरून विचारलं. "काय आहे?"

गुरप्पाने गाडी बंद केली. पडवीत एकदम शांत झालं. गल्लीत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

नागूबाईने लेकाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर टाकीवर बसणारा तो पोरगा होता, आज जाऊ म्हणा, आज जाऊ म्हणा, असं डोळ्यांनी सांगणारा. तिने नुसतं हो म्हटलं असतं, तर यशवंतचा शब्द आज दुपारी पुरा झाला असता. गाडी दारात आली असती. आणि उद्या कुणी खाकीतला माणूस दाराशी येऊन उभा राहिला असता. मनालीच्या बापाला विचारत, ही चौकट कुणाची.

दांडा तेवढा मागून घ्यावा, असंही तिच्या मनात आलं. पण मागितला की लेकाला कळणार. कळलं की तो गाडी घेणार. यशपाल बापासारखाच.

"न्हाय," ती म्हणाली. "ह्यात त्यांचं काय न्हाय. चल."

"नीट बघितलंस?"

"बायको हाय मी त्यांची. मला कळना व्हय? चल म्हणते न्हवं."

यशपालने टाकीवर एकदा बोटं टेकवली. मग त्याने आरसी बुक अद्वैतला परत दिलं. "भाऊ, जमणार नाही. आणि तूही कागदांचं आधी बघून घे. तुझ्याच अंगाशी येईल." अद्वैतने मान डोलावली आणि गाडीवर कापड टाकलं.

नागूबाईचा उजवा अंगठा काळा झाला होता. गुरप्पाने खिशातून सुताचा बोळा काढून पुढे केला. त्याचे मोतीबिंदूचे डोळे तिच्याकडे होते की तिच्या अंगठ्याकडे, कळत नव्हतं. मघाशी तीन वेळा त्याचा पाय त्या वळणावर बसला होता.

"वैनी, हात पुसा," तो हळूच म्हणाला.

"असू द्या," नागूबाई म्हणाली आणि तिने मूठ मिटली.

दोघं परत निघाली. गल्लीचं वळण आलं तेव्हा मागून किकचा आवाज आला. एक, दोन, तीन. गाडी उठली. नागूबाईचा हात लेकाच्या खांद्यावर घट्ट झाला.

"काय गं?"

"काय न्हाय. जरा हळू घे."

त्याने स्कूटर हळू केली.

*

घरी आल्यावर पीठ मळायचं म्हणून हात धुवावा लागला. साबणाने धुतला, नारळाच्या शेंड्यांनी घासला. ग्रीस गेलं, नखाच्या कडेला काळी रेघ तेवढी राहिली. जेवताना यशपाल म्हणाला, "बरं झालं तू स्पष्ट सांगितलंस. नाहीतर मी घेतली असती. आणि मग आयुष्यभर वाटत राहिलं असतं, की यात बाबांचं काही आहे की नाही." नागूबाईने चिमट्याने भाकरी उचलून त्याच्या ताटात वाढली. "जेव," म्हणाली.

संध्याकाळी तिने मेणबत्ती लावली, उदबत्ती लावली. मनाली शेजारी मांडी घालून बसली. नुकतीच शीलं पाठ झाली होती, त्यामुळे आजीच्या आवाजात आवाज मिसळायची तिला कोण हौस. त्रिशरण झालं. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं.

चौथं शील खोटं न बोलण्याचं. नागूबाईचे ओठ उघडले आणि तसेच राहिले.

मनाली एकटीच दोन शब्द पुढे गेली आणि थांबली. "आजी, म्हण ना. विसरलीस?"

जोडलेल्या हातांच्या आत नागूबाईने एक अंगठा दुसऱ्यावर दाबून धरला होता. मेणबत्तीची ज्योत सरळ होती.

"विसरले न्हाय," ती म्हणाली. "आज तू म्हण. मी ऐकते."